चीनच्या समाजाचा अभ्यास हेच आयुष्याचं काम करायचं असेल तर

बीड जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "समाजशास्त्रात एम.ए. झालंय. आजच्या चीनचा समाज आणि संस्कृती यांवर संशोधन करून प्राध्यापक व्हायची इच्छा आहे. चिनी अजिबात येत नाही, वय तेवीस. उशीर झाला का? दोन देशांचे संबंध असे असताना तिकडे जाऊन काम करता येतं का? नोकरी मिळते का? आणि आई विचारते, चीनच का?"

उशीर झालेला नाही. पण पहिल्या दिवसापासून दहा ते बारा वर्षांचा हिशेब धर. भाषेची तीन-चार वर्षं, पीएच.डी.ची पाच-सहा, आणि त्यानंतर कायम नोकरी लागेपर्यंतचा काळ, ज्याची लांबी कुणीच आधी सांगू शकत नाही. हा हिशेब सोसेल का, हे घरच्यांसोबत बसून ठरव. तो सोसणार असेल तर पुढचं वाच.

मी या विषयात वीस वर्षांहून जास्त शिकवते आहे. एवढ्या काळात माझं एक मत पक्कं झालं. चीनबद्दल आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं, त्यातलं बहुतेक चीन जगाला काय सांगतो त्यावर उभं असतं: सरकारी निवेदनं, सीमेवरच्या हालचाली, व्यापाराचे आकडे. चिनी माणसं एकमेकांशी काय बोलतात हे वाचू-ऐकू शकणारे लोक आपल्याकडे फार थोडे आहेत. तुला जे काम करायचं आहे ते नेमकं हे आहे, आणि बाकी सगळे निर्णय, म्हणजे भाषा कुठे शिकायची, विषय कोणता घ्यायचा, मार्गदर्शक कसा निवडायचा, यातूनच निघतात.

एक उदाहरण देते. २०२३ च्या सुरुवातीला चिनी समाजमाध्यमांवर तरुण मुलं स्वतःला 'खुंग यीची' म्हणवून घेऊ लागली. हे लू शुन यांच्या १९१९ मधल्या एका कथेतलं पात्र. परीक्षेत नापास झालेला, खंगलेला विद्वान. दारूच्या दुकानात मजुरांच्या रांगेत उभा राहून पितो, पण अंगातला लांब झगा, म्हणजे शिकलेपणाची खूण, काही उतरवत नाही. चीनमध्ये ही कथा शाळेत असते, त्यामुळे प्रत्येकाला ती माहीत. पदवीधर मुलं लिहीत होती, शिक्षण हा आमचा झगा आहे, तो उतरवताही येत नाही आणि घालून पोटही भरत नाही. मार्चमध्ये सरकारी वाहिनीने यावर लेख लिहिला. त्याचा सूर मुलांना 'झगा उतरवा आणि कामाला लागा' असा उपदेशाचा वाटला आणि ती भडकली. त्याच वर्षी जूनमध्ये शहरांमधल्या १६ ते २४ वयोगटाच्या बेकारीचा अधिकृत दर २१.३ टक्के होता. ऑगस्टमध्ये हा आकडा प्रसिद्ध करणंच थांबवलं, आणि २०२४ च्या जानेवारीत विद्यार्थ्यांना वगळून, नव्या पद्धतीने मोजून तो परत सुरू झाला. आकडा तुला इंग्रजीतूनही मिळेल. झग्याचं दुःख मात्र चिनी वाचल्याशिवाय कळणार नाही, कारण ते लोक आपसात बोलत होते.

तिथे सरकारी नोकरीच्या परीक्षांना बसणाऱ्यांची गर्दीही अशीच वाढली आहे. २०२४ च्या केंद्रीय भरतीसाठी सुमारे ३९,६०० जागा होत्या आणि अर्ज पात्र ठरले ३० लाखांहून जास्त. जो पास होतो तो म्हणतो 'शांगआन', म्हणजे 'किनाऱ्याला लागलो'. भाषांतराचं यंत्र तुला एवढंच सांगेल की कुणीतरी किनाऱ्यावर आलं. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत चार वर्षं काढलेल्या मुलाची 'पोस्ट निघते' तेव्हा त्याच्या गावात काय होतं हे तू पाहिलेलं आहेस. त्यामुळे त्या एका शब्दात मागचं पाणी किती खोल आहे हे तुला युरोपातल्या संशोधकाहून लवकर कळेल. भाषा शिकण्याला पर्याय नाही, असं मी म्हणते ते यासाठी.

भाषेबद्दल मराठी मुलांच्या मनात विनाकारण धास्ती असते. लिपी अवघड आहे हे खरं. २०१३ च्या अधिकृत यादीत ८,१०५ चिन्हं आहेत आणि त्यातली पहिल्या वर्गातली ३,५०० वर्तमानपत्र, कादंबरी, सरकारी परिपत्रक वाचायला पुरतात. ती हाताने लिहून लिहूनच बसतात. रोज दहा नवी आणि मागच्या शंभरांची उजळणी, याहून वेगळी युक्ती मला सापडली नाही. उच्चारांत मात्र आपल्याला मोठा फायदा आहे आणि तो आपल्याला कुणी सांगत नाही. 'बीजिंग' हे रोमन अक्षरांवरून आलेलं रूप. तिथला माणूस जे बोलतो ते 'पेइचिंग'च्या जवळ जातं. १९५८ पासून चालत आलेल्या पिनयिन पद्धतीत रोमन बी म्हणजे प आणि पी म्हणजे ओठ मिटून म्हटलेला फ. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. चिनीत भेद अल्पप्राण आणि महाप्राण यांचा आहे. इंग्रज विद्यार्थी या भेदावर महिनोन् महिने घालवतो. आपण तो पहिलीत बाराखडी म्हणतानाच शिकतो. त्यातही मराठी माणसाकडे हिंदी माणसाकडे नसलेली एक गोष्ट आहे. 'चांगला' मधला च आणि 'चिमणी' मधला च हे दोन वेगळे. चिनीतही हे दोन्ही आहेत आणि त्यांनी अर्थ बदलतो. मी या लेखात चिनी शब्द याच हिशेबाने लिहिते आहे.

सूर आपल्याकडे नाहीत, तिथे घाम गाळावा लागेल. 'थांग' हा एकच शब्द घे. पहिल्या सुरात सूप, दुसऱ्यात चुलत, तिसऱ्यात आडवं पडणं, चौथ्यात चटका बसेल इतकं गरम. दुसऱ्या सुरातच पुन्हा साखरही होते, फक्त चिन्ह वेगळं. सुरुवातीचे सहा आठवडे लिपीला हात न लावता फक्त सूर आणि उच्चार करणारा शिक्षक मिळाला तर त्याला सोडू नकोस. पहिल्या वर्षी सुरांकडे दुर्लक्ष केलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. दहा वर्षांनी ते उत्तम वाचतात, पण गल्लीतली आजी त्यांच्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही. आणि आपल्या कामात ती आजीच महत्त्वाची असते.

व्याकरणातही अशा ओळखीच्या जागा भेटतात. उत्तर चीनमध्ये 'वोमन' आणि 'चानमन' ('चांगला' मधला च) यांत आपल्या 'आम्ही' आणि 'आपण' यांच्यासारखाच फरक आहे. मुलाखतीत समोरची बाई 'वोमन' सोडून 'चानमन' वर आली की समजावं, तिने आपल्याला आत घेतलं. नात्यांचे शब्द तर आपल्यासाठीच ठेवल्यासारखे आहेत. वडिलांचा थोरला भाऊ पोपो, धाकटा शूशू, आत्या कूकू, मामा च्यौच्यौ, मावशी यी. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे पाठ करावं लागतं, आपल्याला फक्त नावं बदलायची असतात. मग एक फरक दिसतो आणि तिथून समाजशास्त्र सुरू होतं. आपण चुलत, आते, मामे, मावस अशी चार घरं करतो. चिनीत दोनच: काकांची मुलं 'थांग', बाकी तिन्हींची 'प्याओ'. आत्याची मुलंही प्याओ, कारण ती दुसऱ्या आडनावाच्या घरात जन्मली. वंश पुरुषाच्या बाजूने मोजण्याची अख्खी व्यवस्था एका शब्दात बसली आहे. आता याच्या शेजारी १९८० च्या सुमारास आलेलं आणि २०१५ च्या अखेरीपर्यंत चाललेलं एक-मूल धोरण ठेव. खेड्यांत अनेक ठिकाणी पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या मुलाला मुभा होती, पण शहरांत ते कडक होतं. आई आणि वडील दोघंही एकुलते एक असले तर त्यांच्या मुलाला काका नाही, आत्या नाही, मामा नाही, मावशी नाही. शब्द आहेत, माणसं नाहीत. पैसे मागायला, लग्न जमवायला, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला ज्या नात्यांचा आधार असायचा ती नाती एका पिढीत आटली. लोकसंख्याच २०२२ पासून घटू लागली, १९६१ नंतर पहिल्यांदा. यावर किती काम बाकी आहे! आणि ते काम आत्या आणि मावशी यांत फरक करणाऱ्या समाजातून आलेल्या माणसाने केलं तर त्याला जे दिसेल ते वेगळं असेल.

आता विषयाची निवड, कारण पीएच.डी. इथेच घडते किंवा बिघडते. माझी चूक सांगते. मी 'चीनमधलं अंतर्गत स्थलांतर' असा विषय घेऊन गेले होते. विषय खराच महत्त्वाचा: २०२० च्या जनगणनेत सुमारे ३७ कोटी ६० लाख लोक आपल्या नोंदणीच्या जागेपासून दूर राहणारे निघाले. १९५८ च्या नियमांनी पक्की झालेली हुखौ, म्हणजे घराच्या नोंदणीची व्यवस्था, कोण कुठला हे ठरवते. २०१४ पासून शेतकरी आणि बिगरशेतकरी हा नोंदणीतला भेद मिटवण्याचं धोरण आलं, तरी मोठ्या शहरात मुलांची शाळा, दवाखाना, पेन्शन हे अजूनही बऱ्याच अंशी त्या नोंदणीला बांधलेलं आहे. मी हे सगळं वाचून गेले होते आणि हुखौबद्दलच विचारत होते.

२००९ मध्ये मी क्वांगचौ शहरात पोचले. आपण ज्याला ग्वांगझू म्हणतो तेच. पुढच्या वर्षी तिथे आशियाई खेळ व्हायचे होते, शहरभर पाडापाडी आणि बांधकाम चालू होतं. चोंगता या मोठ्या कापड बाजाराला लागून गावठाणं आहेत, शहराने गिळलेली. इमारती एकमेकींना इतक्या चिकटून की लोक त्यांना 'हातमिळवणीच्या इमारती' म्हणतात, या खिडकीतून त्या खिडकीत हात पोचतो. तळमजल्यांवर शिलाईचे छोटे कारखाने, कामगार बहुतेक हूपेइ प्रांतातून आलेले. मी प्रश्नावली घेऊन बसायचे. पगार किती, नोंदणी कुठली, शाळेत अडचण येते का. उत्तर ठरलेलं: "थिंग हाओ त", बरं चाललंय. तीन महिने वह्या भरल्या आणि हातात काही नाही.

मग एका दुपारी एका कारखान्याच्या दारात बायका कपड्यांचे सुटे धागे कातरत बसल्या होत्या. त्या कामाला नगावर पैसे मिळतात. मला वहीत लिहून लिहून कंटाळा आला होता. एक कात्री उचलली आणि त्यांच्यासोबत बसले. त्या आपसात बोलत होत्या, मी ऐकत होते. तासाभरात हुखौ हा शब्द एकदाही आला नाही. सगळ्यांच्या बोलण्यात एकच प्रश्न फिरून फिरून येत होता: परत कधी जायचं? मुलगी सहावीत आहे, यंदा जावं की नववीत असताना? विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा, काओखाओ, सहसा नोंदणीच्या प्रांतातूनच द्यावी लागते. त्याआधीची माध्यमिकची परीक्षाही तशीच. म्हणून आई नोकरी सोडून गावी जाते, गावातही नाही, तालुक्याच्या शाळेजवळ खोली भाड्याने घेते आणि मुलाचा अभ्यास संपेपर्यंत तिथे राहते. याला शब्द आहे 'फेइतू', सोबत राहून शिकवणं. घरातली एक कमाई बंद होते. नेमकं कोणत्या वर्षी ती बंद करायची याचं गणित त्या बायका धागे कातरता कातरता मांडत होत्या. त्या दुपारी माझा विषय मला मिळाला. 'स्थलांतर' हा शब्द मथळ्यातून गेला. राहिली ती परतीच्या वर्षाची निवड, एका बाजारालगतच्या दोन गल्ल्यांमधल्या एकतीस घरांची.

नियम असा नाही, पण माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढं सांगते: विषय इतका लहान कर की तो तिथल्या माणसाला सांगितल्यावर तो म्हणाला पाहिजे, "हो, हा आमचा रोजचा प्रश्न आहे."

तुझ्याकडे असा विषय आधीच आहे असं मला वाटतं. तू बीडची. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-वडिलांची मुलं गावात आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात हे तू पाहिलेलं आहेस. चीनमध्ये अशा मुलांना 'मागे राहिलेली मुलं' म्हणतात आणि त्यांच्यावर चिनीत अभ्यासांचा ढीग आहे. पण तिथलं स्थलांतर वर्षभराचं, वसंतोत्सवाला घरी येणारं. आपल्याकडचं साखर कारखान्याच्या हंगामानुसार सहा महिन्यांचं. तिथे अडसर नोंदणीचा, इथे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीचा. तिथे आई-बाप दोन वेगळ्या शहरांतही असू शकतात. इथे नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे दोघंही एकदमच जातात. मागे राहिलेल्या घरात आजीवर काय येतं, हा प्रश्न दोन्हीकडे विचारता येतो, आणि तो मराठी आणि चिनी दोन्ही येणाऱ्या माणसानेच विचारावा असा आहे.

असं उलट्या दिशेने काम झालेलं आहे. श्यांग प्याओ हे चिनी मानवशास्त्रज्ञ पेकिंग विद्यापीठात विद्यार्थी असतानाच बीजिंगमधल्या 'चच्यांग गाव' नावाच्या स्थलांतरितांच्या वस्तीत शिरले आणि सहा वर्षं तिथे काम केलं. नंतर पीएच.डी.साठी त्यांनी हैदराबादकडून ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या तेलुगू संगणक कामगारांचा अभ्यास केला. हल्ली ते जर्मनीत हाले इथल्या माक्स प्लांक संस्थेत संचालक आहेत. २०२० मध्ये चीनमध्ये 'नेइच्युएन' हा शब्द घराघरात पोचला, म्हणजे सगळे जास्त धावतात आणि कुणीच पुढे जात नाही ती अवस्था. तेव्हा ती समजावताना त्यांनी स्वतःलाच चाबूक मारत फिरत राहणाऱ्या भोवऱ्याची उपमा दिली होती. चिनी माणूस तेलुगू मुलांमध्ये जाऊन बसू शकतो, तर बीडच्या मुलीने हूपेइच्या आजीजवळ का बसू नये?

आणि वाचनात चिनी समाजशास्त्रज्ञ फेइ श्याओथुंग चुकवू नकोस. १९३५ च्या डिसेंबरात क्वांगशीच्या डोंगरात नवरा-बायको दोघं पाहणीला गेले असताना अपघात झाला; त्यात पत्नी गेली, ते जखमी झाले. बरं होण्यासाठी बहिणीच्या रेशीम सहकारी संस्थेच्या गावी गेले आणि तिथे जे पाहिलं ते लंडनला मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्कींच्या हाताखाली प्रबंधात मांडलं. पाण्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या वर्तुळांसारखी चिनी माणसाची नाती मी पासून बाहेर पसरतात, ही त्यांची मांडणी आजही वापरात आहे. १९५२ मध्ये चीनमधल्या विद्यापीठांतून समाजशास्त्र हा विषयच बंद झाला, १९५७ मध्ये त्यांना 'उजवे', म्हणजे पक्षविरोधी, ठरवलं गेलं, आणि १९७९ मध्ये विषय पुन्हा सुरू करायची जबाबदारी त्यांच्यावरच आली. आज तुला भेटणारे ज्येष्ठ चिनी प्राध्यापक त्या सत्तावीस वर्षांच्या खंडानंतर उभ्या राहिलेल्या विभागांत शिकलेले आहेत. ते बोलताना कुठे थांबतात, कुठे विषय बदलतात, हे समजून घ्यायला हा इतिहास माहीत हवा.

तिकडे जाऊन काम करता येतं का? येतं, पण पूर्वीइतकं सोपं नाही आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २०२० च्या मार्चपासून २०२३ च्या जानेवारीपर्यंत चीनच्या सीमा जवळजवळ बंदच होत्या. गलवाननंतर आपल्याकडचा संशयही वाढला. भारत-चीन थेट विमानसेवा पाच वर्षांहून जास्त बंद राहून २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. क्षेत्रकार्यासाठी तिथल्या विद्यापीठाचं यजमानपद आणि त्यानुसारचा व्हिसा लागतो. पर्यटक म्हणून जाऊन मुलाखती घेऊ नकोस. २०२१ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, २०२३ च्या जुलैपासून हेरगिरीविरोधी कायदा जास्त व्यापक झाला. सर्वेक्षणाची माहिती देशाबाहेर नेणं हा नाजूक विषय झाला आहे. काही प्रदेश आणि काही विषय परदेशी संशोधकाला, त्यातही भारतीयाला, प्रत्यक्ष जाऊन करता येणार नाहीत. शिनच्यांग, तिबेट, सीमाभाग यांवर काम करायचं असेल तर ते बाहेरूनच होईल असं धरूनच ठरव.

याहून मोठी गोष्ट एक आहे. आपण परत येतो, बोलणारी माणसं तिथेच राहतात. नाव, गाव, कारखाना, मुलाचं वय या चार गोष्टी एकत्र आल्या की माणूस ओळखता येतो. माझ्या प्रबंधातल्या तीन सर्वांत बोलक्या मुलाखती मी छापलेल्या नाहीत. मार्गदर्शकांनी आग्रह केला तरी नाही. तुलाही असे निर्णय घ्यावे लागतील आणि ते घेताना कुणाला विचारू नकोस. ज्या बाईने विश्वास टाकला तिच्या बाजूने विचार कर.

दुरून करता येण्यासारखंही बरंच आहे. रनमिन विद्यापीठाचं सर्वसाधारण सामाजिक सर्वेक्षण २००३ पासून चालू आहे. पेकिंग विद्यापीठाचा कुटुंबांचा दीर्घकालीन अभ्यास २०१० पासून. दोन्हींची माहिती संशोधकांना मागून मिळते. वेइपो, तौपान, श्याओहुंगशू या चिनी समाजमाध्यमांवर लोक रोज लिहितात. पण आज दिसलेलं उद्या असेल याची खात्री नाही. २०२१ मध्ये 'थांगफिंग', म्हणजे सरळ आडवं पडून राहू, ही भाषा ज्या लिखाणातून पसरली ते मूळ लिखाणच काढून टाकलं गेलं. म्हणून वाचता वाचता तारखेसह प्रत ठेवायची सवय आतापासून लाव. दारंही बंद होत असतात. हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठातलं, १९६३ पासून जगभरच्या संशोधकांनी वापरलेलं चीनच्या अभ्यासाचं सेवा केंद्र २०२१ पासून स्वतंत्र राहिलं नाही. चीनमधल्या प्रबंधांचा आणि सांख्यिकी वार्षिकांचा मोठा ऑनलाइन साठा २०२३ च्या एप्रिलपासून परदेशातल्या बऱ्याच ग्रंथालयांना मिळेनासा झाला. ज्यांनी आधी उतरवून ठेवलं होतं त्यांचं काम चालू राहिलं.

भाषेसाठी तैवानचाही विचार कर. तिथल्या सरकारची भाषा शिष्यवृत्ती भारतीयांना मिळते, वर्ग लहान असतात, शिक्षक चांगले. लिपी मात्र जुनी, जास्त रेघांची. ती आली की चीनमधली सोपी केलेली लिपी ओळखणं जड जात नाही. फक्त तैवानला चीनची बदली समजून प्रबंध लिहू नकोस. तो स्वतंत्र अभ्यास मागणारा समाज आहे.

नोकरीचं. नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, चिनी भाषेत देता येते, समाजशास्त्रातही. मी तुला सांगेन, समाजशास्त्रातली आधी दे. तीतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात आणि पहिली काही वर्षं निघतात. चीनचा अभ्यास नावाने चालवणारे विभाग देशात मोजके: दिल्लीत जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठ, शांतिनिकेतनात १९३७ मध्ये तान युन-शान यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं चीना भवन, आणखी काही केंद्रीय विद्यापीठांचे भाषा विभाग, थोडी खासगी विद्यापीठं. वर्षाला निघणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर. म्हणून दोन पायांवर उभी राहा. समाजशास्त्राच्या कोणत्याही विभागात शिकवता येईल असा पाया, आणि चीन हे तुझं वेगळेपण. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं हे आकर्षक वाटतं. पण त्याआधी तासिका तत्त्वावर काढावी लागणारी वर्षं महाराष्ट्रात तू पाहतेसच. त्या काळात भाषा पोसते. चाकण-रांजणगाव पट्ट्यात दुभाषे लागतात, भाषांतराची कामं मिळतात. माझ्या एका विद्यार्थ्याने प्रबंधाची दोन वर्षं अशीच काढली, आणि कारखान्यातल्या चिनी तंत्रज्ञांसोबत जेवता जेवता त्याचं बोलणं कुठल्याही वर्गात सुधारलं नसतं इतकं सुधारलं.

परदेशी पीएच.डी. निधीसह मिळत असेल तर घे. निधीशिवाय, कर्ज काढून जाऊ नकोस. या विषयात ते फेडण्याइतका पगार लवकर येत नाही. दिल्लीच्या चिनी अभ्यास संस्थेची हार्वर्ड-येनचिंग संस्थेबरोबरची पीएच.डी. फेलोशिप भारतात नोंदणी केलेल्यांनाच असते, तिच्यावर लक्ष ठेव. मार्गदर्शक निवडताना एकच चौकशी कर: गेल्या पाच वर्षांत त्यांनी चिनी भाषेतली साधनं वापरून काय लिहिलं? फक्त इंग्रजी वाचून चीनवर लिहिणारा मार्गदर्शक तुला सीमा आणि सामरिक धोरणाकडे ढकलत राहील, कारण तेवढंच इंग्रजीतून करता येतं.

राहिला आईचा प्रश्न. आईला सांग, हे काम आपल्याकडे नवं नाही. फर्ग्युसनमध्ये पु. वि. बापट आणि वा. वि. गोखले यांनी बौद्ध ग्रंथांसाठी चिनी शिकून घेतली. वसंत परांजपे १९४७ मध्ये पेकिंग विद्यापीठात शिकायला गेले आणि १९५४ मध्ये नेहरू-माओ भेटीत दुभाषी होते. नाटककार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते गो. पु. देशपांडे जेएनयूत चीन शिकवत. आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. १९४२ च्या ९ डिसेंबरला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते चीनमध्येच वारले. हपेइ प्रांतातल्या वयस्क माणसाला मी महाराष्ट्रातली आहे असं सांगितलं की त्याला महाराष्ट्र कळत नाही, पण 'ख तीह्वा' म्हटलं की चेहरा बदलतो. ते कोटणिसांचं चिनी नाव. मला एका घरात त्या नावावर जेवायला बसवून घेतलं आहे.

आता काय करायचं ते सांगते. सूर आणि उच्चार ऑनलाइन सुरू कर, शिक्षक बोलणारा हवा, नुसतं ॲप नको. डिसेंबरची किंवा जूनची नेट दे. आणि यंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आत, ऑक्टोबरमध्ये, तुझ्या तालुक्यातल्या दोन-तीन घरांत जा जिथून आई-बाप तोडीला निघणार आहेत. प्रश्नावली नेऊ नकोस. आजी जे काम करत असेल, निवडणं, टिपणं, ते हातात घे आणि सुनेशी तिचं काय बोलणं चालतं ते ऐक. रात्री घरी येऊन लिही, बोलली तशीच वाक्यं. दहा पानं झाली की मला पाठव. पुढे हूपेइत काय विचारायचं ते आपण त्या पानांवरून ठरवू.